वाचक विचारतात : जंगलातून पायी, नवेगावबांधपर्यंत

धान कापून खळ्यावर आलं की या सदराकडे पायी फिरण्याबद्दलची पत्रं सुरू होतात. यंदा त्यातली बरीच एकाच वाटेची आहेत : झाडीपट्टीतल्या (पूर्व विदर्भातल्या) जंगलातून एका दिवसात चालत जायचं आणि नवेगावबांधचा तलाव गाठायचा. म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही आठ जण आहोत, चार पुरुष आणि चार बायका. सगळ्यात मोठे काका ५८ वर्षांचे. जानेवारीत जंगलातून पायी नवेगावबांधला जायचं ठरवतो आहोत. मोबाईलच्या नकाशावर सरळ रेघ ओढली तर १७ किलोमीटर भरतात. नाश्ता करून नऊला निघालो तर तलावावर सूर्यास्त बघायला मिळेल का?
– एक वाचक, साकोली

उत्तर : सूर्यास्त मिळेल, पण तो रस्त्यातच.

सरळ रेघ ही पाखराची वाट. माणसाची वाट नाल्याला वळसा घालते, पहाडीच्या कडेकडेनं जाते, बांबूच्या रांजीपुढे अडून मागे फिरते. या भागात सरळ अंतराच्या सव्वा ते दीडपट चालणं होतं. तुमचे १७ म्हणजे २३-२४ किलोमीटर धरा. आता वेळ. पांदण रस्त्यावर ताशी ४ किलोमीटर, जंगलातल्या पायवाटेवर ३, आणि चढ, नाल्यातले गोटे किंवा दाट बांबू असेल तिथे २. समजा सुरुवातीचे ५ किलोमीटर पांदण, मधले ११ जंगल आणि शेवटचे ८ डांबरी. सव्वा तास, पावणेचार तास आणि दोन तास, म्हणजे नुसतं चालणंच सात तासांचं. आठ माणसं म्हटली की कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला पाणी लागतं, कुणी आडोशाला जातं. त्यात जेवण धरलं तर दीड तास सहज जातो. एकूण साडेआठ तास.

जानेवारीच्या सुरुवातीला या भागात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. सव्वासातला निघालात तर पावणेचारला पोचाल, उजेडाचे जवळपास दोन तास शिल्लक. हे दोन तास वाट चुकण्यासाठी आणि पाय मुरगळण्यासाठी राखून ठेवलेले आहेत, फोटोंसाठी नाहीत. नऊला निघालात तर सगळं नीट झालं तरी साडेपाच वाजतात. नीट झालं नाही तर अंधार पडतो तेव्हा तुम्ही तिथे असता जिथे असायला नको. काकांचा वेग तो सगळ्यांचा वेग, हे धरूनच वरचे आकडे दिले आहेत. जवान पोरांचा वेग धरून गणित मांडणं ही अशा गटांची नेहमीची चूक.

एक वेळ आधीच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा : साडेअकरापर्यंत जंगलाचा अर्धा टप्पा, म्हणजे सुरुवातीपासून साडेदहा किलोमीटर झाले नसतील, तर पुढे जायचं नाही. सगळ्यात जवळच्या गावाच्या वाटेनं बाहेर पडायचं. हे घरी बसून ठरवावं लागतं, कारण जंगलात प्रत्येकाला वाटतं की आता थोडंच उरलं आहे.

आता वाटेचं. तलावाच्या बाजूच्या टेकड्यांतून जाणारी तुमची रेघ राष्ट्रीय उद्यानात शिरते. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि डिसेंबर २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. तिथे हौशी गटानं पायी आरपार जायचं नाही, हा विषय तिथेच संपला. वळसा घालूनच यावं लागेल. पण वळशातलं जंगलही मोकळं रान नव्हे. बाहेरून एकच दिसणारं हे जंगल चार वेगवेगळ्या मालकांचं असू शकतं : वन्यजीव विभाग, प्रादेशिक वनविभाग, वनविकास महामंडळ, किंवा वनहक्क कायद्याखाली ज्या ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला आहे ती ग्रामसभा. एका नाल्याच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा असं होतं. प्रादेशिकच्या आरएफओंचं (वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांचं) पत्र खिशात असतानाही महामंडळाच्या हद्दीत चौकीदार अडवतो, आणि तो बरोबर असतो. राखीव वनात विनापरवाना शिरणं हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे.

म्हणून आधी वाट कागदावर काढा आणि ज्या वनपरिक्षेत्रात ती सुरू होते तिथल्या कार्यालयात जाऊन ती कोणकोणत्या कक्षांतून (वनविभागानं पाडलेल्या जंगलाच्या क्रमांकित भागांतून) जाते ते विचारा. कक्ष क्रमांक कळले की कुणाकुणाला अर्ज करायचा ते आपोआप कळतं. अर्ज किमान १५ दिवस आधी द्या. त्यात तारीख, कुठून शिरणार, कुठे निघणार, दोन्ही वेळा, सगळ्यांची नावं आणि फोन, वाटाड्याचं नाव, आणि दोन वाक्यं ठळक : मुक्काम करणार नाही, आग पेटवणार नाही. पोच घेतल्याशिवाय निघू नका. परवानगी नाकारली तर वाद घालू नका. त्या कक्षात वाघीण पिल्लांसह असेल किंवा कूपाची (झाडतोडीसाठी आखलेल्या पट्ट्याची) तोड चालू असेल, आणि ते कारण पत्रात लिहितीलच असं नाही. बीट गार्डला चहा पाजून विचारलं तर तो दुसरी वाट सांगतो. बहुतेक वेळा ती तुमच्या वाटेपेक्षा चांगली असते.

नवेगावबांधच्या पोलीस ठाण्यालाही एक प्रत द्या. या पट्ट्यात पाठीवर पिशव्या घेतलेली आठ अनोळखी माणसं जंगलातून निघाली की गावकरी ठाण्यात फोन करतात.

वाटाड्या शेवटच्या गावचाच घ्या. जिल्ह्याच्या ठिकाणाहून आणलेल्या गाईडला पक्षी माहीत असतात, पण काल रात्री अस्वल कोणत्या नाल्यात होतं ते माहीत नसतं. मोहफूल आणि तेंदूपत्त्याला जाणारा माणूस सगळ्यात उत्तम. त्याची त्या दिवसाची मजुरी, जेवण, आणि परतीच्या वाहनाचे पैसे, तिन्ही द्या. तिसरं बहुतेक गट विसरतात, आणि मग तो माणूस संध्याकाळी एकटा त्याच जंगलातून घरी जातो.

प्रश्न : पहाटे पाचला टॉर्च घेऊन शेताशेतातून निघालो आणि उजाडता उजाडता जंगलाच्या कडेला पोचलो, तर दीड तास वाचत नाही का?
– एक वाचक, लाखांदूर

उत्तर : वाचतो, पण ही वाट धरू नका. वाघ-अस्वल हे कारण तर आहेच, पण त्याआधी करंट आहे.

जंगलाला लागून असलेल्या शेतात रानडुकरं येतात. काही शेतकरी घरच्या लाइनवरून किंवा थेट खांबावर आकडा टाकून शेताभोवती उघडी तार सोडतात, खुंट्यांवर, माणसाच्या घोट्यापासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर. हे बेकायदेशीर आहे, त्यात वाघ मेले आहेत आणि माणसंही. तार बारीक असते, टॉर्चच्या उजेडात गवताच्या काडीसारखी दिसते. रात्री सोडतात आणि सकाळी उजाडल्यावर काढतात, म्हणून दिवसा तुम्हाला फक्त खुंट्या दिसतात. खरीप कापून झाला म्हणून धोका संपला असं नाही. तलावाच्या खालच्या बाजूला जानेवारी-फेब्रुवारीत उन्हाळी धानाची रोवणी होते, आणि ओल्या बांधीत (धानाच्या खाचरात) उभा असलेला माणूस करंटला सगळ्यात सोपा.

सौर कुंपण वेगळं. त्याला पिवळी पाटी असते, मशीन टकटक वाजतं, झटका थांबून थांबून येतो. तो झोंबतो, पण सहसा मारत नाही. उघड्या तारेला ना पाटी ना आवाज.

पूर्ण उजाडल्यावर निघा आणि पांदण सोडू नका. धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) जायचंच असेल तर आधी मालकाला हाक मारा. धुऱ्यावर तूर असते आणि कापलेल्या बांधीत लाखोरी-जवस उगवलेलं असतं, त्यामुळे विचारून जाणं तसंही बरं. कुणाला करंट लागलाच तर त्या माणसाला हात लावायचा नाही, तार काठीनं उडवायलाही जायचं नाही. खांबावरून सोडलेली तार ११ हजार व्होल्टची असू शकते आणि तिथे कोरडा बांबूही कामाचा नाही. लांब राहून १९१२ वर वीज बंद करायला सांगा आणि ११२ लावा.

प्रश्न : अस्वल समोर आलं तर झाडावर चढायचं की मेल्याचं सोंग घ्यायचं? वाघाचं काय?
– एक वाचक, गोरेगाव (गोंदिया)

उत्तर : अस्वल तुमच्यापेक्षा चांगलं चढतं.

या जंगलात पायी चालणाऱ्याला वाघापेक्षा अस्वलाची जास्त काळजी घ्यावी लागते. त्याची नजर कमजोर, आणि वाळवीच्या वारुळात नाक खुपसून जोरजोरात फुंकत-ओढत असताना त्याला दुसरं काही ऐकू येत नाही. माणूस दहा-पंधरा पावलांवर येईपर्यंत कळत नाही, आणि कळलं की ते घाबरून अंगावर येतं. म्हणजे खरा उपाय आधीचा आहे : त्याला तुमचा पत्ता लांबूनच लागू द्या. नाल्याचं वळण, मोठ्या दगडांची कपार, दाट लँटाना आणि बांबू अशा जागांच्या आधी वाटाड्या खाकरतो, काठी झाडावर आपटतो. तुम्हीही साध्या आवाजात बोलत राहा. जंगलात अगदी गप्प राहावं हा सल्ला जिप्सीत बसलेल्यांसाठी आहे. ताजं उकरलेलं वारूळ दिसलं, बाजूची माती ओली असली, की तिथे थांबून फोटो काढत बसू नका.

लांबवर दिसलं तर थांबा, सगळे एकत्र या, तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे सरका. पिल्लं पाठीवर असतील तर अंतर दुप्पट ठेवा. अंगावर धावून आलं तरी पळू नका. आठ माणसं खांद्याला खांदा लावून ओरडत उभी राहिली तर बरेचदा ते अर्ध्यातून वळतं. खरोखर धडकलंच तर पोटावर पालथे पडा, दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफा, तोंड जमिनीत दाबा, पाठपिशवी काढू नका. अस्वल चेहरा आणि डोकं धरतं. जखमी माणसं बघितली की त्या सूचनेचा अर्थ कळतो. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत उठू नका.

वाघाच्या बाबतीत उलट : पडायचं नाही, वाकायचं नाही, बसायचं नाही. खाली वाकलेला माणूस त्याला चार पायांच्या जनावरासारखा दिसतो. तेंदूपत्ता तोडताना आणि गवत कापताना हल्ले होतात त्यामागे हे एक कारण आहे. उभे राहा, पाठ फिरवू नका, डोळा न काढता मागे सरका. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं तर दुसऱ्यानं बाजूला उभं राहावं. ओळीत पुढे वाटाड्या, मध्ये मंद चालणारे, शेवटी दमदार माणूस, आणि दोघांत तीन पावलांपेक्षा जास्त अंतर नाही. ओळ लांबली की शेवटचा माणूस एकटाच असतो. शिकार दिसली, वास आला, गिधाडं-कावळे उतरताना दिसले, की आलेल्या वाटेनं परत.

हे दोन्ही टाळलेत तरी आग्यामोहोळ आहेच. उंच सावरीवर, कड्यावर मोठी पोळी लटकलेली असतात. त्याखालून जाताना बोलू नका, आणि त्या दिवशी अत्तर, सुवासिक तेल लावू नका. माशा उठल्या तर इथे मात्र पळायचं, ओढणी-टॉवेलनं तोंड झाकून, दाट झुडपाकडे. पाण्यात उडी मारून उपयोग नाही, वर आलात की त्या तिथेच असतात. काटे नखानं खरवडून लगेच काढा. कोणत्या पद्धतीनं काढता त्यापेक्षा किती लवकर काढता हे महत्त्वाचं. कुणाला चाळीस-पन्नास डंख असतील, किंवा एकाच डंखानं ओठ सुजले, श्वास अडकला, तर वाट न बघता १०८.

सापाचं थोडक्यात. जानेवारीत दहा-अकराच्या सुमारास घोणस वाटेवर ऊन खात पडते आणि सुक्या पाल्यात अजिबात दिसत नाही. आडव्या पडलेल्या खोडावरून पलीकडे थेट पाय टाकू नका. आधी खोडावर पाय, पलीकडे बघायचं, मग खाली. चावलाच तर आवळून बांधणं, कापणं, चोखणं काही नाही. अंगठी, कडं, जोडवी काढा, पाय फळी लावून हलणार नाही असा ठेवा, वेळ लिहून ठेवा, उचलून न्या. लस ग्रामीण रुग्णालयात असते. निघण्याआधी सगळ्यात जवळचं कोणतं आणि तिथे लस आहे का ते फोन करून विचारा.

प्रश्न : मागच्या डिसेंबरात जंगलातून आल्यावर दोघींच्या अंगाला आग झाल्यासारखी खाज सुटली, तिसरीला दोन आठवड्यांनी ताप आला. हे पाण्यामुळे झालं का?
– एक वाचिका, लाखनी

उत्तर : ताई, या दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि पाण्याचा संबंध दोन्हींशी नसावा.

लगेच सुटलेली खाज बहुधा खाजकुयलीची. वेल झुडपांवर चढलेली असते, शेंगा हिवाळ्यात पिकतात, त्यांवरची सोनेरी-तपकिरी लव वाऱ्यानं उडते. हात लावावा लागतो असं नाही, खालून गेलं तरी पुरे. चोळलं की लव आत रुतते आणि पसरते, म्हणून चोळायचं नाही, लगेच पाणीही ओतायचं नाही. चिकटपट्टी लावून ओढा. ती नसेल तर कणकेचा घट्ट गोळा किंवा ओली माती थापून वाळल्यावर काढा, त्यासोबत लव निघते. नंतर साबण. कपडे वेगळे धुवा, नाहीतर पुढच्या आठवड्यात घरातल्या दुसऱ्यांना खाज सुटते. डोळ्यात गेली असेल तर मात्र भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवून दवाखाना गाठा.

दोन आठवड्यांनी आलेला ताप गंभीरपणे घ्यायचा. पावसाळ्यानंतर गवतात माइट नावाचे बारीक किडे असतात, त्यांच्या चाव्यातून स्क्रब टायफस होतो. विदर्भात २०१८ साली याचे बरेच रुग्ण सापडले होते. ताप साधारण दहा दिवसांनी, कधी तीन आठवड्यांनी येतो, तोवर जंगल विसरलेलं असतं. कमरेच्या नाडीखाली, काखेत, जांघेत सिगारेटनं भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ती दुखत नाही, म्हणून कुणी बघत नाही. डॉक्टरांना "जंगलात जाऊन आले" एवढं एक वाक्य सांगा. औषध साधं आणि स्वस्त आहे, उशीर झाला तर मात्र आजार जिवावर बेततो. याच पट्ट्यात हिवतापही आहे, तेव्हा रक्ततपासणी दोन्हींची करून घ्या.

टाळायचं कसं? पूर्ण बाह्या, सलवार किंवा पँट मोज्यात खोचलेली, गवतावर थेट न बसता प्लॅस्टिकची चटई, आणि घरी आल्या आल्या गरम पाण्यानं घासून आंघोळ. गोचीड दिसला तर चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. त्यावर तेल किंवा रॉकेल टाकू नका.

प्रश्न : आडोशाला जायचं कसं? आमच्यात कुणी विचारत नाही म्हणून विचारते.
– एक वाचिका, देवरी

उत्तर : तुमच्या ग्रुपमधल्या बायका दिवसभर पाणीच पीत नाहीत, हा या न विचारण्याचा परिणाम. दुपारपर्यंत डोकं दुखतं, मळमळतं, आणि सगळे म्हणतात ऊन लागलं. दर दीड तासाचा थांबा आधीच जाहीर करा : पुरुष वाटेच्या पुढे, बायका मागे, दोघीदोघींनी, हाकेच्या टप्प्यात. जागा आधी काठीनं ठोकून बघायची, बसताना एकीनं उभं राहून लक्ष ठेवायचं. वाघाबद्दल वर लिहिलं ते इथेही लागू आहे. नाल्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वितभर खड्डा, वर माती. त्यासाठी गटात एक खुरपं असू द्या. पॅड पुरायचं नाही, रानडुक्कर उकरतं. जाड झिपच्या पिशवीत घालून परत आणायचं.

प्रश्न : पाणी किती न्यायचं? वाटेत नाले आणि बोड्या (छोटी तळी) आहेत, त्यांचं पाणी गोळ्या टाकून चालेल ना?
– एक वाचक, तिरोडा

उत्तर : डिसेंबर-जानेवारीत माणशी ३ लिटर घेऊन निघा, फेब्रुवारीत ४ ते ५. जंगलातल्या वाहत्या नाल्याचं पाणी सुती कापडाच्या चार घड्यांतून गाळून क्लोरीनची गोळी टाकली आणि अर्धा तास थांबलं तर चालतं. गढूळ पाण्यात गोळी टाकून उपयोग होत नाही, क्लोरीन गाळातच खर्ची पडतं. गोळी किती लिटरची ते वेष्टनावर वाचा, २० लिटरची गोळी बाटलीत टाकणारे लोक आहेत. शेताजवळची बोडी आणि बांधीतलं पाणी मात्र नाही. त्यात खत आणि फवारणी उतरलेली असते, ती गोळीनं जात नाही, उकळूनही जात नाही. गावातला चालू हातपंप सगळ्यात बरा.

नुसतं पाणी ढोसू नका. ओआरएसचं पाकीट, नाहीतर लिटरभर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू. दिवसभरात माणशी एक लिटर पुरे. जेवणाला पोळी-झुणका, ठेचा, सोबत गूळ-शेंगदाणे, फुटाणे. आणि जेवण जंगलाच्या बाहेर पडल्यावर. संत्र्याच्या सालीही परत आणा, वानरं पिशव्यांना हात घालायला शिकतात ती अशीच.

प्रश्न : नवे बूट घेतले आहेत. त्या दिवशीच घालू का?
– एक वाचक, भंडारा

उत्तर : नाही. आधी ४०-५० किलोमीटर घालून चाला. बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय फुगलेले असतात. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, नाहीतर उतारावर नख काळं पडतं. वनरक्षक घालतात तसे कॅनव्हासचे उंच बूट स्वस्त आणि चांगले, कुसळं कमी शिरतात. मोज्यांचे दोन जोड, दुपारी बदला. फोड येण्याआधी त्या जागी गरम लागतं. तेव्हाच थांबून पट्टी लावा. "पोचल्यावर बघू" म्हणणाऱ्यांचेच फोड फुटतात.

प्रश्न : जंगलात नेटवर्क नसतं. वाट चुकलो हे ओळखायचं कसं?
– एक वाचक, ब्रह्मपुरी

उत्तर : नकाशा आधी उतरवून ठेवा आणि फोन विमान मोडवर टाका, उपग्रहावरून जागा तरीही कळते आणि बॅटरी टिकते. पण नकाशातल्या जंगलातल्या रेघांवर फार विश्वास नको. रुंद, मळलेला, छान दिसणारा रस्ता बरेचदा कूपाचा असतो. बांबू किंवा साग काढायला ट्रॅक्टर गेलेला असतो आणि कूपाचा रस्ता कूपातच संपतो. ढोरवाटा पाण्याकडे नेतात, मोहाच्या वाटा मोहाच्या झाडाखाली थांबतात. गावाकडे जाणारी वाट ओळखायची खूण म्हणजे ती नाला सोप्या जागी ओलांडते आणि तिच्यावर सायकलच्या चाकांच्या खुणा असतात.

कक्षांच्या हद्दीवर खांब किंवा झाडांवर रंगवलेले क्रमांक दिसतात. परवानगीच्या कागदावरच्या क्रमांकांशी ते ताडून बघत चला. न जुळणारा क्रमांक दिसला की थांबा आणि शेवटच्या ओळखीच्या जागेपर्यंत मागे या, पुढे जाऊन दुरुस्ती करायला जाऊ नका. खरंच हरवलात तर सगळे एकाच मोकळ्या जागी थांबा, उंचावर जाऊन फोन लागतो का बघा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६. कक्षाचा क्रमांक सांगता आला तर शोधायला येणारा बीट गार्ड थेट तिथे येतो, "मोठ्या दगडाजवळ" सांगितलं तर रात्र होते.

प्रश्न : परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये पोरांना घेऊन जाऊ का?
– एक वाचक, साकोली

उत्तर : नको. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम. मार्च-एप्रिलमध्ये मोह पडतो, फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, तिथून आग जाते. त्याच मोहाखाली पहाटे अस्वल असतं. पारा चाळिशीच्या वर, उरलेल्या दोन-चार पानवठ्यांवर सगळं जंगल गोळा झालेलं, आणि सावली द्यायला सागाला पान नाही. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ.

या काळातही कुठे धूर दिसला तर चढाकडे पळू नका, आग चढावर वेगानं जाते. जाळरेषा (आग अडवायला आधीच मोकळा केलेला पट्टा), नाल्याचं कोरडं पात्र किंवा आधीच जळून गेलेला काळा पट्टा गाठा.

प्रश्न : पोचल्यावर तलावाला चक्कर मारता येईल का? आंघोळ?
– एक वाचक, अर्जुनी मोरगाव

उत्तर : पूर्ण चक्कर नाही, तलावाची जंगलाकडची बाजू उद्यानात येते. पर्यटकांसाठी मोकळ्या असलेल्या काठावर बसा, समोर सातबहिणी म्हणतात त्या टेकड्या दिसतात. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधवला. टेकड्यांमधल्या मोजक्या खिंडी पाळीनं (मातीच्या बांधानं) बुजवल्या आणि पाणी अडवलं, हे कोहळी समाजाचं कसब या भागातल्या जुन्या मालगुजारी तलावांत सगळीकडे दिसतं. दिवसभर तुम्ही ज्या उतारांवरून चाललात त्यांचं पाणी शेवटी कुठल्या ना कुठल्या पाळीलाच येऊन टेकतं. जमिनीचा हा उतार समजला की पुढच्या वेळी वाट आखणं सोपं जातं. हिवाळ्यात बदकं स्थलांतर करून येतात, दुर्बीण न्या. पाण्यात उतरू नका. काठाला गाळ आणि पाण्याखाली वेली असतात, दमलेल्या पायांत गोळा येतो, आणि पोहता येणारे बुडतात ते असेच.

परतीचं आधी ठरवा. गोंदिया–बल्लारशाह मार्गावरचं देवलगाव स्टेशन जवळ आहे, गाडी किती वाजता थांबते ते आदल्या दिवशी बघा. एसटीची शेवटची फेरीही आगारात विचारून ठेवा. दोन्ही हुकली तर राहायची सोय फोनवर केलेली असावी, कारण डिसेंबरच्या शेवटी खोल्या भरलेल्या असतात.

प्रश्न : सोबत आमचा कुत्रा आणला तर? त्याला आधी वास येतो, सावध करेल.
– एक वाचक, सडक अर्जुनी

उत्तर : कुत्रा पुढे धावतो, अस्वलावर भुंकतो, अस्वल पाठी लागलं की शेपूट घालून तुमच्याकडेच परत येतो, अस्वलासकट. बिबट्याला तर कुत्रा आवडतोच. शिवाय कुत्र्यांचे रोग जंगली जनावरांना लागतात, म्हणून वनविभाग त्याला आत सोडत नाही, आणि गेटवर कळलं तर तुमची परवानगीही जाते. त्या दिवशी त्याला शेजाऱ्यांकडे ठेवा, आणि दोर मजबूत बांधा, तो माग काढत येतो.